खाटेचं भाडं भिंतीवर, संसर्गाचा आकडा कुठे?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही खासगी रुग्णालयात शिरलं की बिलाच्या काउंटरपाशी दरपत्रक लावलेलं असतं, निदान असायला हवं. 2021 साली नर्सिंग होम नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हापासून दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. चांगलंच झालं. पण इथे दाखल झाल्यावर नवा आजार जडण्याची शक्यता किती, हे कुठल्याच भिंतीवर लिहिलेलं नसतं. विचारलं तरी सांगत नाहीत. पुष्कळ ठिकाणी सांगता येणारही नाही, कारण ते कुणी मोजलेलंच नसतं.

रुग्णालयात होणाऱ्या संसर्गांची मोजदाद प्रत्येक रुग्णालयाने केली पाहिजे आणि ती रुग्णालयाच्या नावानिशी लोकांपुढे ठेवली पाहिजे. मग ते सरकारी असो, धर्मादाय असो की कॉर्पोरेट. हे सक्तीने व्हायला हवं, आणि त्यासाठी आपण नातेवाइकांनीच आग्रह धरायला हवा. यात ज्यांचा जीव जातो ते स्वतः काही बोलू शकत नाहीत.

ते कोण? सातव्या महिन्यात जन्मलेलं दीड किलोचं बाळ. अर्धांगवायूने गिळणं गेलेले आजोबा. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी उतरलेली बाई. खुब्याचं हाड बसवल्यावर उताणी पडून राहिलेली आजी. ज्याला नीट खोकता येत नाही, कूस बदलता येत नाही, घास गिळताना ठसका लागला तर सांगता येत नाही, असा प्रत्येक माणूस. यांच्या बाबतीत पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. ऑपरेशन उत्तम झालं असं सांगतात. घरचे सुटकेचा श्वास सोडतात. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप येतो, ऑक्सिजन खाली येतो, छातीत घरघर सुरू होते. मग जी वाक्यं कानावर पडतात ती आपल्या सगळ्यांना पाठ आहेत : "छातीत इन्फेक्शन झालंय." "काउंट वाढलेत." "कल्चर पाठवलंय, तोवर हायर अँटिबायोटिक सुरू करतोय." पुढे नळी, व्हेंटिलेटर, किडनी, आणि शेवटी मृत्यूच्या दाखल्यावर हृदयक्रिया आणि श्वसन बंद पडल्याची नोंद. हृदय तर प्रत्येकाचंच शेवटी थांबतं. ते कशामुळे थांबलं हे त्या कागदावर दिसत नाही. भेटायला आलेले लोक म्हणतात, वयच झालं होतं हो. आणि घरचेही ते मान्य करतात.

वय झालं होतं हे खरंच. पण घरातून निघताना त्या आजीच्या छातीत काही नव्हतं. दाखल झाल्यापासून 48 तासांनंतर सुरू झालेला न्यूमोनिया हा रुग्णालयात लागलेला न्यूमोनिया समजावा, ही जगभर वापरली जाणारी साधी व्याख्या आहे. व्हेंटिलेटरची नळी घातल्यानंतर 48 तासांनी झाला तर तो व्हेंटिलेटरशी निगडित. घरी होणाऱ्या न्यूमोनियाचा नेहमीचा गुन्हेगार न्यूमोकोकस. त्याच्यावर लस आहे, 2021 पासून ती आपल्या बाळांना सरकारी लसीकरणात मिळते, आणि तो बहुतेकदा साध्या औषधांना बधतो. रुग्णालयात मात्र क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास यांचं राज्य असतं. त्यांच्याविरुद्ध लस नाही. आपल्या देशातल्या आयसीयूंमधले यांचे कितीतरी वाण कार्बापेनेम गटातल्या तगड्या औषधांनाही दाद देत नाहीत, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे वार्षिक अहवाल वर्षानुवर्षं सांगत आहेत. मग उरतं कॉलिस्टिन. ते जुनं औषध किडनीला बाधतं, म्हणून डॉक्टरांनी कधीकाळी बाजूला ठेवलं होतं. आज तेच शेवटचा आधार म्हणून टोचावं लागतं.

हे जंतू फुप्फुसात जातात कसे, हे एकदा समजून घेतलं की राग येतो, कारण वाट अगदी साधी आहे. आजारी माणसाच्या तोंडातले जंतू काही दिवसांतच बदलतात. घरचे जंतू मागे पडून वॉर्डातले जंतू दातांवर, जिभेवर, हिरड्यांवर बसतात. माणूस उताणा पडलेला असतो, गुंगीत असतो, आणि ती लाळ थोडी थोडी श्वासनलिकेत उतरत राहते. निरोगी माणूस खोकून ती बाहेर टाकतो, याला ते जमत नाही. नळी घातलेली असेल तर खोकण्याचा प्रश्नच मिटला. उलट जंतूंना आत जायला जिना मिळतो, आणि नळीच्या आतल्या बाजूला त्यांचा चिकट थर बसतो तो वेगळाच. त्यात सिस्टर एका रुग्णाचं सक्शन करून, म्हणजे घशातला कफ नळीने ओढून, हात न धुता शेजारच्याकडे गेल्या, तर पहिल्या खाटेवरचा जंतू दुसऱ्या खाटेवर. ॲसिनेटोबॅक्टर तर कोरड्या पृष्ठभागावरही आठवडेच्या आठवडे तग धरतो : खाटेचा कठडा, मॉनिटरची बटणं, डॉक्टरांचा मोबाइल.

म्हणजे उपायही साधेच. पलंगाचं डोकं तीस ते पंचेचाळीस अंश वर ठेवायचं. झोपेचं औषध रोज थोडा वेळ थांबवून माणूस स्वतः श्वास घेतो का पाहायचं, म्हणजे नळी लवकर निघते. प्रत्येक रुग्णाआधी आणि नंतर हात चोळायचे. आणि दात घासायचे. होय, दात घासायचे. तोंड पुसायला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक वापरण्यावर अनेक वर्षं भर होता, पण आता जाणकार त्याची शिफारस करत नाहीत. याउलट साध्या ब्रशने रोज दात घासले तर रुग्णालयातला न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो, असं 15 चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात 2024 साली दिसलं. फायदा विशेषतः व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना झाला, आणि आयसीयूतले मृत्यूही कमी झाले. एका ब्रशची किंमत आणि कॉलिस्टिनच्या एका दिवसाची किंमत शेजारी मांडून पाहावी. आपल्याकडच्या किती वॉर्डांत बेशुद्ध रुग्णाचे दात कुणी घासतं? रुग्णाच्या केसपेपरवर त्यासाठी रकाना तरी आहे का?

माझी आत्या अर्धांगवायूने दाखल होती तेव्हा मी तिच्या उशाशी रात्री बसत असे. तिच्या नाकाला ऑक्सिजन लावलेला होता. तो भिंतीवरच्या एका छोट्या बाटलीतून बुडबुडे काढत येतो. बाटलीत पाणी असतं ते श्वासात कोरडेपणा येऊ नये म्हणून, आणि ते निर्जंतुक असावं लागतं, बाटलीही धुऊन वाळवून रोज बदलावी लागते. मध्यरात्री पाणी संपलं. वॉर्डातल्या मामांनी बाटली काढली, हात धुण्याच्या बेसिनच्या नळाखाली धरून भरली आणि परत लावली. बाटलीच्या तळाशी हिरवट कड होती. मी विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "ताई, डिस्टिल्ड वॉटर वरून येतच नाही. मागितलं तर म्हणतात इंडेंट पाठवा." त्यांच्या स्वरात बेफिकिरी नव्हती. वरून पाणी येत नाही आणि रुग्णाला ऑक्सिजन तर हवाच, यातून त्यांनी काढलेला तो मार्ग होता. त्या रात्री त्या वॉर्डात दोन सिस्टर होत्या आणि खाटा सगळ्या भरलेल्या. खाटांच्या मधल्या जागेत जमिनीवर गाद्या टाकून आणखी रुग्ण.

म्हणून या प्रश्नाकडे "कर्मचारी निष्काळजी आहेत" एवढ्यावर बघणाऱ्यांशी माझं पटत नाही. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी, हा भारतीय परिचर्या परिषदेचाही दंडक आहे. प्रत्यक्षात एका परिचारिकेकडे तीन-तीन, चार-चार रुग्ण असतील आणि त्यातल्या एकाचा रक्तदाब कोसळत असेल, तर तिने दुसऱ्याचे दात कधी घासायचे? तिसऱ्याला कुशीवर कधी वळवायचं? हात चोळायला लागणारी वीस-तीस सेकंदं प्रत्येक स्पर्शाआधी आणि नंतर मोजली, तर एका पाळीत त्याचाच तास-दीड तास होतो. तेवढा तास तिला कुणी दिलेला नाही. परिचारिकांची रिक्त पदं वर्षानुवर्षं भरायची नाहीत, कंत्राटी मुलींना निम्म्या पगारावर दुप्पट काम लावायचं, आणि मग इन्फेक्शन कंट्रोलचं पोस्टर भिंतीला चिकटवायचं, हा त्या मुलींवर अन्याय आहे.

आणखी एक गोष्ट परदेशी पुस्तकांत सापडत नाही, कारण तिथे ती नसते : आपल्या वॉर्डांत निम्मी शुश्रूषा नातेवाईक करतात. पेज भरवतात, डायपर बदलतात, लघवीची पिशवी रिकामी करतात, नाकातून पोटात घातलेल्या रायल्स ट्यूबमधून दूध सोडतात. हे सगळं त्यांना कुणीही शिकवलेलं नसतं. आडव्या माणसाला बशीतून चहा पाजणारी लेक प्रेमानेच पाजते, आणि तोच चहा फुप्फुसात उतरतो. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला कुणी नाही म्हणून तीच लेक माणुसकीने तिलाही वळवते, त्याच हातांनी. नातेवाइकांना "गर्दी करू नका" म्हणून हाकलण्यापेक्षा दाखल करून घेतानाच दहा मिनिटं बसवून सांगावं : बसतं केल्याशिवाय काही भरवू नका, भरवल्यावर अर्धा तास आडवं करू नका, सकाळ-संध्याकाळ दात घासा, आणि ही बाटली, हिच्यातलं द्रव हाताला चोळल्याशिवाय पेशंटला हात लावू नका. ती बाटली खाटेला बांधलेली असली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने हँडरबचं सूत्र केव्हाच खुलं केलंय. स्पिरिट, ग्लिसरीन, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाणी, रुग्णालयाच्या औषधनिर्माण विभागातही ते बनवता येतं. 2020 मध्ये आपल्या साखर कारखान्यांच्या आसवनींनी सॅनिटायझर बनवून दाखवलं होतं. महाराष्ट्रात अल्कोहोलची टंचाई आहे असं कुणी सांगू नये.

आता आकड्यांकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या शंभरातल्या सात जणांना तिथे किमान एक संसर्ग जडतो, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत पंधरा जणांना. अशा संसर्ग झालेल्यांपैकी सरासरी दहातला एक दगावतो. नीट काळजी घेतली तर यातले सत्तर टक्क्यांपर्यंत संसर्ग टाळता येतात, असंही तोच अहवाल सांगतो. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांतल्या नवजात बाळांचा एक मोठा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. रक्तात जंतू सापडलेल्या बाळांत सर्वांत जास्त आढळला तो ॲसिनेटोबॅक्टर, 22 टक्के. त्याखालोखाल क्लेब्सिएला. त्यातल्या बहुतेक बाळांना आजार जन्मानंतर पहिल्या तीन दिवसांतच झाला होता. हे जंतू आईच्या घरून आलेले नव्हेत.

भारतात मोजणीची यंत्रणा नाही असंही नाही. एम्स आणि वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने देशातल्या अनेक मोठ्या रुग्णालयांचं जाळं रक्तातले आणि लघवीतले संसर्ग एकाच पद्धतीने मोजतं. संसर्ग नियंत्रणाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं केंद्राने 2020 च्या जानेवारीत काढली. रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएच या राष्ट्रीय मंडळाचं मानांकन घेतलेल्या रुग्णालयांना संसर्गाचे हे दर नोंदवून ठेवावेच लागतात. म्हणजे फाइल आहे, रकाने आहेत, कुठे कुठे चांगल्या मायक्रोबायोलॉजिस्ट मन लावून ते भरतातही. फक्त ती फाइल कपाटात राहते. ज्याच्या आईला उद्या तिथे दाखल करायचंय त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही.

आकडे उघड केल्याने काय होतं? इंग्लंडमध्ये 2001 पासून प्रत्येक सरकारी रुग्णालय-समूहाला रक्तातल्या एमआरएसए या, अनेक अँटिबायोटिक्सना दाद न देणाऱ्या जंतूच्या केसेस सक्तीने कळवाव्या लागल्या आणि त्या नावानिशी प्रसिद्ध झाल्या. 2004 मध्ये सरकारने हे प्रमाण 2008 पर्यंत निम्म्यावर आणायचं जाहीर केलं. 2003-04 मध्ये सुमारे 7,700 असलेल्या केसेस 2008-09 पर्यंत तीन हजारांच्या आत आल्या. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभरावर आयसीयूंनी रक्तवाहिनीत मोठी नळी घालताना पाळायच्या पाच साध्या गोष्टींची यादी ठरवली. डॉक्टरने एखादी गाळली तर त्याला तिथल्या तिथे थांबवायचा अधिकार नर्सला दिला. दीड वर्षात रुग्णांच्या अंगात नळी असलेल्या दर हजार दिवसांमागचे संसर्ग सरासरी 7.7 वरून 1.4 वर आले. मला यातला नर्सला दिलेला अधिकार सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याकडे कनिष्ठ सिस्टरने प्राध्यापकांना "सर, हात धुतले नाहीत" असं म्हणून बघावं, पुढच्या महिन्यात तिची बदली कुठे होते ते कळेल. ही भीती काढल्याशिवाय कुठलीही यादी कागदावरच राहणार.

मात्र न्यूमोनिया मोजणं अवघड आहे, आणि या मागणीच्या समर्थकांनी ते लपवू नये. रक्तात जंतू सापडला की नाही हे प्रयोगशाळा सांगते. न्यूमोनिया मात्र एक्स-रे, ताप, कफ पाहून ठरवावा लागतो, आणि त्यात मत आलं. अमेरिकेत व्हेंटिलेटरच्या न्यूमोनियाचा दर कमी करण्याचा दबाव आला तेव्हा रुग्णालयांनी कळवलेले आकडे झपाट्याने खाली आले. बाहेरच्या तपासनीसांनी केसपेपर उघडून 2005 ते 2013 चा हिशेब केला, तर प्रमाण जवळजवळ जिथल्या तिथे, दहा टक्क्यांच्या आसपास. आजार घटला नव्हता, त्याचं नाव लिहिणं घटलं होतं. आपल्याकडे तर असं घडायला दोन महिनेही पुरे.

म्हणून सुरुवात कुठून करायची याचा विचार हवा. रक्तातले संसर्ग आणि ऑपरेशनच्या जखमेतले संसर्ग हे आकड्यांत जाहीर करावेत. न्यूमोनियासाठी सध्या आजाराऐवजी काळजी मोजावी : अचानक फेरी मारली तेव्हा किती पलंगांची डोकी वर होती, किती रुग्णांचे दात त्या दिवशी घासलेले होते, किती ऑक्सिजनच्या बाटल्यांवर बदलल्याची तारीख होती. हँडरब किती खपलं तेही सांगावं. दर हजार रुग्णदिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस राहिला की एक रुग्णदिवस) किमान 20 लिटर ही जागतिक आरोग्य संघटनेची मोजपट्टी आहे, आणि भांडाराच्या नोंदीवरून ती कुणालाही पडताळता येते. आणि प्रत्येक वॉर्डाच्या दारावर रोज लिहावं : या पाळीत रुग्ण इतके, सिस्टर इतक्या. इंग्लंडमध्ये 2014 पासून रुग्णालयांना ते लावावं लागतं. खडू आणि फळा एवढाच खर्च आहे, पण माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत जास्त विरोध याच फळ्याला होईल.

विरोधाचे दोन मुद्दे खरे आहेत. पहिला, मोठ्या सरकारी रुग्णालयांत सगळीकडून नाकारलेले, आधीच प्रकृती खालावलेले रुग्ण येतात. त्यांचे आकडे वाईटच दिसणार आणि छोटं नर्सिंग होम, जे गंभीर रुग्ण शेवटच्या घटकेला तिथेच पाठवतं, ते स्वच्छ दिसणार. बरोबर आहे. म्हणूनच तुलना सारख्यांची सारख्यांशी हवी, वैद्यकीय महाविद्यालयाची महाविद्यालयाशी, आणि नळीच्या किंवा व्हेंटिलेटरच्या हजार दिवसांमागे. दुसऱ्या रुग्णालयातून संसर्ग घेऊनच आलेला रुग्ण पाठवणाऱ्याच्या खात्यावर मांडला, तर शेवटच्या घटकेला पाठवण्याची खोडही उघडी पडेल. दुसरा मुद्दा जास्त गंभीर. डॉक्टरांवर हल्ले होतात, काचा फुटतात. 2010 साली त्यासाठी राज्याला वेगळा कायदा करावा लागला. अशा वातावरणात "आमच्याकडे इतके संसर्ग झाले" असं कोण लिहील? ही भीती मी हलकी लेखत नाही. पण काचा फुटतात त्या आकडे कळले म्हणून फुटत नाहीत. काहीतरी लपवलं जातंय असं वाटतं, कुणी समोर येऊन बोलत नाही, चांगलं चाललंय असं चार दिवस सांगून पाचव्या दिवशी बिल आणि मृतदेह एकदमच हातात येतो, तेव्हा फुटतात.

2023 च्या सप्टेंबरअखेर नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बाळं होती. ते सगळे मृत्यू संसर्गाने झाले असं म्हणणं चुकीचं ठरेल, कारणं निरनिराळी होती. पण नंतर काय झालं ते आठवा. एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन कॅमेऱ्यासमोर शौचालय साफ करून घेतलं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, औषधखरेदी आणि रिक्त पदांवर प्रश्न विचारले, ते योग्यच. पण एका माणसाची मानहानी झाली म्हणून एकाही बाळाच्या खाटेजवळ हँडरबची बाटली आली नाही. मृत्यू दोन आकडी झाले की आपण जागे होतो. एका वेळी एक करून वर्षभर होणारे मृत्यू कुणाच्या डोळ्यांत येत नाहीत, आणि रुग्णालयातला न्यूमोनिया एका वेळी एकालाच नेतो.

पैशाचाही हिशेब बघा. खासगी रुग्णालयात संसर्ग झाला तर मुक्काम दहा दिवसांनी वाढतो, महागडी अँटिबायोटिक्स लागतात, आयसीयूचं रोजचं बिल चढत जातं. म्हणजे ज्याच्या दारात आजार लागला त्याचंच उत्पन्न वाढतं. बहुसंख्य डॉक्टर या हिशेबाने वागत नाहीत हे मला माहीत आहे, पण व्यवस्था त्यांना याच दिशेला ढकलते. अमेरिकेच्या सरकारी विम्याने 2008 पासून काही ठरावीक रुग्णालय-जन्य संसर्गांचे जादा पैसे देणं थांबवलं. दंडाने थेट सुरुवात करावी असं मी म्हणणार नाही, त्यात गरिबांची रुग्णालयंच आधी चिरडली जातात. पण महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून राज्य सरकार कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार विकत घेतं. जो एवढी मोठी खरेदी करतो त्याला अट घालता येते. दर तिमाहीला संसर्गाचे आणि परिचारिकांचे आकडे दिल्याशिवाय योजनेत नोंदणी नाही, एवढं एक कलम करारात घातलं तर यादीतली शेकडो खासगी रुग्णालयं आपोआप मोजायला लागतील. त्याला नवा कायदा लागत नाही, शासन निर्णय पुरतो. सरकारने तो आधी स्वतःच्या वैद्यकीय महाविद्यालयांना आणि जिल्हा रुग्णालयांना लागू करावा, आणि सोबत तिथली परिचारिकांची पदं भरावीत. पदं न भरता आकडे मागितले तर खोटे आकडे मिळतील.

तो शासन निर्णय निघेपर्यंत, दाखल करताना संमतीपत्रावर सही करण्याआधी काही प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. रात्रपाळीला या वॉर्डात सिस्टर किती असतात? तुमच्याकडे इन्फेक्शन कंट्रोलची वेगळी नर्स आहे का, तिला भेटता येईल का? आईचे दात कोण घासणार, तुम्ही की आम्ही? ऑक्सिजनच्या बाटलीत पाणी कुठलं भरता? ही नळी आजही खरंच लागतेय का, की काढता येईल? शेवटचा प्रश्न रोज सकाळी राउंडला विचारावा, नमस्कार करून, पण विचारावाच.